आधी प्रकार, मग पटकथा

विद्यार्थ्यांच्या शॉर्टफिल्ममध्ये गजर फार वाजतो. काळा पडदा, मोबाइलचा आवाज, पांघरुणातून बाहेर आलेला हात, मग आरसा, टूथब्रश, चहाचा कप, बुटाची नाडी. दहा मिनिटांतली दोन-अडीच मिनिटं यातच जातात आणि गोष्ट अजून दाराबाहेर पडलेली नसते. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचं परीक्षण केलेल्या कुणालाही विचारा, तो ओळखीचं हसेल. मुलं आळशी असतात म्हणून हे होतं असं अजिबात नाही. रात्ररात्र जागून, घरच्यांची बोलणी खाऊन, मित्राच्या मामाची गाडी मागून आणून ती फिल्म करतात. पण आपल्याला प्रेक्षकाला घाबरवायचं आहे, हसवायचं आहे की कोड्यात टाकायचं आहे, हे पहिल्या बैठकीत ठरलेलं नसतं. भयपटच करायचा हे ज्याचं पक्कं असतं, त्याच्या फिल्ममधला गजर बंद केल्यावरही वाजत राहतो. विनोदी फिल्म करणाऱ्याचा गजर वाजतो एका घरात आणि उठतं शेजारचं घर. ज्याचं काहीच ठरलेलं नाही त्याचा गजर नुसता वाजतो. (घड्याळ पडद्यावर कसं वापरावं हे पाहायचं असेल तर व्ही. शांताराम यांचा 'कुंकू' पाहावा. 1937 सालचा चित्रपट, पण भिंतीवरचं जुनं घड्याळ आणि म्हातारा नवरा यांची त्यात घातलेली सांगड आजही शिळी वाटत नाही.)

हे पुस्तक त्या पहिल्या बैठकीसाठी आहे. अभ्यासक्रमाच्या शेवटी फिल्म करून द्यावी लागणारी मुलं आता फक्त पुण्याच्या लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये नाहीत. मास मीडिया, संज्ञापन, पत्रकारिता असे वर्ग गावोगावच्या महाविद्यालयांत निघाले आहेत आणि शेवटच्या सत्रात कुठे ना कुठे 'प्रोजेक्ट' येतोच. कॅमेरा खिशात आला, संकलन लॅपटॉपवर आलं. अडतं ते पूर्वी अडत होतं तिथेच: कुठल्या प्रकारची फिल्म करायची? बहुतेक जण याचं उत्तर आवडीवर सोडतात. मला थ्रिलर आवडतात, म्हणून थ्रिलर. मला हे उत्तर अपुरं वाटतं. प्रकार ठरला की आपली मेहनत कुठे खर्ची पडणार हे ठरतं. भयपटाची मेहनत आवाजात जाते, विनोदाची तालमीत, रहस्याची कागदावर, माहितीपटाची वाट पाहण्यात. हाताशी मोजके दिवस, उसना कॅमेरा आणि डोक्यावर परीक्षा असताना यांपैकी कुठल्या कामात घाम गाळायची आपली तयारी आहे, ते आधी पाहावं. आवडीचं मग पाहता येईल.

आपल्याकडे याचा पहिला धडा दादासाहेब फाळक्यांनी घालून दिला आहे. 1912 साली ते लंडनहून चित्रपटाचं तंत्र शिकून, कॅमेरा घेऊन परतले तेव्हा त्यांची अवस्था आजच्या विद्यार्थ्यासारखीच होती. यंत्र आहे, पैसा नाही, आणि हा माणूस काय करू पाहतोय हे कळणारे लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांनी वाटाण्याचं रोप घेतलं. कॅमेरा जागचा हलू न देता रोज थोडं थोडं चित्रण करत त्याची वाढ टिपली आणि इतक्या दिवसांची ती वाढ पडद्यावर काही क्षणांत दाखवली. 'अंकुराची वाढ' म्हणून ती ओळखली जाते. नट नकोत, सेट नको, कपडेपट नको. लागणार होता तो धीर, आणि तो त्यांच्याकडे मुबलक होता. ते दृश्य पाहून पैसा लावणाऱ्यांची खात्री पटली.

मग मोठ्या चित्रपटासाठी त्यांनी पौराणिक कथा निवडली. त्यामागे भक्ती असेल, पण हिशेबही होता. चित्रपट मुका होता आणि हरिश्चंद्राची गोष्ट कीर्तनांतून, नाटकांतून घरोघर पोहोचलेली होती. स्मशानात उभा असलेला हा राजा कोण, त्याच्यावर ही वेळ का आली, हे कुणालाही समजावून सांगावं लागणार नव्हतं. अर्धी पटकथा प्रेक्षक घरूनच घेऊन येत होता. 3 मे 1913 रोजी मुंबईत कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. पुढे याच माणसाने 'पिठाचे पंजे' हा छोटा विनोदी चित्रपट केला, 'आगकाड्यांची मौज'मध्ये काड्यांना नाचवलं. दर वेळी प्रकार निराळा, आणि दर वेळी आपल्याकडे काय आहे याचं भान पक्कं.

आता आजच्या बैठकीत येऊन बसू. ती साधारण अशी चालते.

"कुठल्या प्रकारची फिल्म आहे?"

"सर, सोशल."

"म्हणजे?"

"म्हणजे मुलींच्या शिक्षणावर आहे. शेवटी मेसेज आहे."

"आणि सुरुवातीला?"

"सुरुवातीला थोडं हॉरर ठेवलंय. लोकांनी बघायला पाहिजे ना!"

या शेवटच्या वाक्यातला प्रामाणिकपणा मला फार आवडतो. नुसता मेसेज कुणी बघणार नाही हे त्या मुलाला पक्कं ठाऊक आहे, म्हणून तो आधी भुताचं आमिष लावतो. 'सोशल' हा प्रकार आहे असं त्याला वाटतं यात दोष त्याचा नाही. स्पर्धांच्या पत्रकांवर विषय छापलेले असतात: स्वच्छता, पाणी, व्यसनमुक्ती. तोंडी परीक्षेला बसलं की पहिला प्रश्न येतो, यातून काय संदेश दिलास? तेव्हा मूल बिचारं संदेशापासून सुरुवात करतं आणि माणसं नंतर शोधतं. पण हुंडा हा विषय झाला. त्याचा भयपट होईल, फार्स होईल, कोर्टातलं नाट्य होईल, लग्नाच्या व्हिडिओचं सोंग घेतलेला खोटा माहितीपटही होईल. हा शेवटचा कुणी तरी करावा, मी पहिल्या रांगेत बसेन. प्रभातच्या ज्या चित्रपटांना आपण सामाजिक म्हणतो त्यांतला 'माणूस' घ्या. तो एका पोलीस शिपायाची आणि एका वेश्येची प्रेमकथा आहे. 1939 सालच्या प्रेक्षकाला त्यातलं जे काही बोचलं असेल ते त्या प्रेमकथेतून बोचलं.

विद्यार्थ्यांनी केलेल्या फिल्ममध्येही याची उत्तम उदाहरणं आहेत. नागराज मंजुळे यांनी 'पिस्तुल्या' केली ती अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, महाविद्यालयात शिकत असताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून. शाळेची ओढ लागलेल्या आणि शाळेपासून लांब ठेवल्या गेलेल्या एका मुलाची ती गोष्ट आहे. 58व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत तिचा गौरव झाला. विषय म्हणाल तर तोच, शिक्षण. पण फिल्म आपल्याला त्या पोराच्या मागे मागे नेते, भाषण कुणीच करत नाही. उमेश कुलकर्णी यांची फिल्म इन्स्टिट्यूटमधली डिप्लोमा फिल्म 'गिरणी' याहून घरगुती. आई घरात पिठाची गिरणी घेते आणि त्या घरघरीने मुलाचं घर व्यापून जातं. कष्टकरी बाईचं जगणं, जागेची टंचाई, बालपण, सगळं त्या एका यंत्राच्या आवाजात मावलं आहे. 'महिला सक्षमीकरण' असा विषय देऊन हीच फिल्म मागवली असती तर शेवटी आईच्या हाती प्रमाणपत्र देऊन पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या.

मराठी मुलांची आणखी एक सवय आहे आणि तिचं मूळ आपल्या एका चांगल्या परंपरेत आहे. पुण्यात 1963 साली पुरुषोत्तम करंडक सुरू झाला. त्या आणि तशा स्पर्धांच्या तालमीत आपल्याकडचे नट-दिग्दर्शक पिढ्यान्‌पिढ्या घडत आले. कॉलेजात फिल्म करणाऱ्या गटात म्हणूनच एकांकिकेतून आलेली मुलं हटकून असतात. त्यांना संवाद सुचतात, म्हणून ती एका खोलीत दोन माणसं बसवतात आणि बोलू देतात. शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवायची सवय असलेला आवाज दोन फुटांवरच्या कॅमेऱ्यासमोर लागला की तो ओरडा होतो. शिवाय एंट्रीला थांबायची सवय असते, कारण नाटकात तिथे टाळी येते. असं असलं तरी ज्या गटाकडे एकमेकांची सवय झालेले चार-पाच नट आहेत त्याच्याजवळ भांडवल आहे, आणि ते विनोदात लावावं असं मी सुचवेन. भयपटात नट नवखे असले तरी निभतं. विनोदात एका नवख्या नटाने अर्धा सेकंद उशीर केला की सगळं मुसळ केरात.

विनोदी फिल्म लिहिताना मुलं वाक्यं लिहितात. 'अशी ही बनवाबनवी' सगळ्यांना पाठ असते, त्यामुळे तसली वाक्यं सुचावीत म्हणून कागदावर घासाघीस चालते. पण 1988 सालचा तो चित्रपट चालतो एका अटीवर: लीलाबाई काळभोरांना खोली जोडप्यांनाच द्यायची आहे. दोघांनी साड्या नेसल्या की पुढचं प्रत्येक सुख हे संकट होऊन बसतं. मालकीणबाईंची माया, बाहेर जमलेलं प्रेम, अगदी दाढीसुद्धा. वाक्यं त्या अडचणीतून येतात. दहा मिनिटांच्या फिल्मला अशी एकच अट पुरते. ती सापडली नसेल तर विनोदाच्या वाटेला जाऊ नये.

भयपटाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सगळ्यांत जास्त मुलं तिकडे वळतात आणि सगळ्यांत जास्त फसतात तीही तिथेच. भयपट स्वस्तात होतो हा समज चुकीचा नाही. चूक होते ती रात्र निवडण्यात. अंधारात मोबाइलने शूट केलं की पडद्यावर करडे ठिपके वळवळतात; माणूस धड दिसत नाही आणि काळोखही धड काळा येत नाही. मग कुणी तरी गाडीचे हेडलाइट लावतं आणि वाड्याचं पार्किंग होऊन जातं. त्यात पांढरी साडी, मोकळे केस, एकदम कानठळ्या बसवणारा आवाज. प्रेक्षक दचकतो, हसतो, मोबाइल बघायला लागतो. याउलट एका गटाची फिल्म माझ्या लक्षात आहे. भर दुपार, साधं स्वयंपाकघर, ओट्यावर ऊन. कुकरची तिसरी शिट्टी होते. आई गॅस बंद करते, वाफ जिरल्यावर कुकर उघडते, ताटात भात वाढते. तिच्या पाठीमागे चौथी शिट्टी होते. आई वळत नाही; भात वाढणारा हात मात्र थांबतो. दंगा करणारं सभागृह त्या हाताबरोबर थांबलं होतं. या दृश्याला खर्च काही नाही. मेहनत होती ती शिट्टीत. ती नेमकी कुठून येते असं वाटलं पाहिजे, आधीच्या तिन्हींपेक्षा ती किती लांबवायची, तिच्या आधी पंख्याचा आवाज कधी काढून घ्यायचा. हे करायला जो चार रात्री हेडफोन लावून बसेल त्याने भयपट करावा.

जागेचंही तसंच. पडका वाडा शोधत फिरण्यापेक्षा आपल्या आजूबाजूला काय भीतिदायक आहे ते पाहावं. 2017 साली आलेल्या विशाल फुरिया यांच्या 'लपाछपी'ने उसाचा फड निवडला. ऊस डोक्यावरून वर जातो, दहा पावलांपलीकडचं दिसत नाही, पानं सतत सळसळतात, आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या कुणालाही त्या फडात एकटं शिरण्याचा अनुभव समजावून सांगावा लागत नाही. पुढे याच चित्रपटाची हिंदी आवृत्ती 'छोरी' निघाली, तिलाही उसाशिवाय करमलं नाही.

रहस्यपट आणि थ्रिलर यांची वाट कागदावरून जाते आणि विद्यार्थ्याकडे कागदाची कमतरता नसते. असते ती घाई. या प्रकारात आज ज्यांचं नाव पहिल्यांदा घेतलं जातं ते श्रीराम राघवन. पुण्यात वाढलेले, 'अंधाधुन'ची गोष्टही पुण्यातच घडवणारे. त्यांनी फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडताना 1987 साली केलेली 'द एट कॉलम अफेअर' मात्र थ्रिलर नव्हती. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरच्या फोटोतला धावपटू शेवटच्या पानावरच्या टेनिसपटूच्या प्रेमात पडतो आणि तिला गाठायला त्या दिवसाच्या बातम्यांमधून पळत सुटतो, अशी ती गंमत आहे. वरवर पाहता प्रेमकथा आणि अद्भुतिका. पण तिथे पोहोचणं आहे, वाटेतले अडथळे आहेत, अंक शिळा व्हायच्या आत पोहोचण्याची घाई आहे. थ्रिलरला लागणारं सामान त्यांनी प्रेमकथेत गोळा करून ठेवलं होतं असं ती गोष्ट ऐकताना वाटतं. पहिला प्रकार हा आयुष्यभराचा करार नाही, हे मुलांना पटवायला मला हे उदाहरण उपयोगी पडतं.

विज्ञानकथेचं नाव काढलं की वर्गात पहिला प्रश्न येतो, व्हीएफएक्स कोण करणार? जॉर्ज लुकसने 1967 साली लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात शिकताना पंधरा मिनिटांची भविष्यकथा केली, तिच्यात भविष्य म्हणून दिसतात ते गाड्या लावायचे तळ, विमानतळाच्या वाटा आणि संगणकांच्या खोल्या. एक माणूस पळतो आहे आणि यंत्रं त्याच्यावर पाळत ठेवून आहेत. बाकीचं काम पडद्यावरचे आकडे आणि वायरलेसवर चाललेली तुटक बडबड करते. त्याच विद्यापीठात जॉन कार्पेंटर आणि डॅन ओबॅनन यांनी 'डार्क स्टार' ही अंतराळातली विनोदी फिल्म सुरू केली, जी वाढत वाढत 1974 साली पूर्ण चित्रपट म्हणून बाहेर आली. तिच्यातला परग्रहावरचा प्राणी म्हणजे समुद्रकिनाऱ्यावर खेळायचा चेंडू. तो बघून लोक हवे तितके हसले नाहीत तेव्हा ओबॅननने ठरवलं की हसत नाहीत तर घाबरवू, आणि यानात शिरलेल्या परग्रही प्राण्याची तीच कल्पना घेऊन 'एलियन' लिहिला. विषय जागचा हलला नाही. प्रकार बदलला, तशी मेहनत पडायची जागा बदलली.

अगदी अलीकडचं उदाहरण 2024 सालचं. फिल्म इन्स्टिट्यूटच्या टेलिव्हिजन शाखेतल्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमात चिदानंद नाईक यांनी कन्नडमध्ये केलेल्या फिल्मला कान महोत्सवात विद्यार्थ्यांच्या विभागातलं पहिलं पारितोषिक मिळालं. चित्रीकरणाला दिवस मिळाले चार. त्यांनी लोककथा निवडली: एक म्हातारी गावातला कोंबडा पळवते आणि गावात सूर्यच उगवत नाही. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, असं आपण आयुष्यभर ऐकत आलो. ही गोष्ट म्हणते, राहतं. लोककथेची सोय अशी की हे का, कसं, असं कुणी विचारत नाही, आणि अख्खी फिल्म अंधारात घडायला गोष्टीतच कारण आहे. रात्रीचं शूट इथे अडचण म्हणून आलेलं नाही. लोककथा हा प्रकार आपल्या मुलांनी जवळजवळ सोडून दिला आहे. ज्या प्रदेशात चिमणी-कावळ्याचं घर मेणाचं आणि शेणाचं असतं, म्हातारी भोपळ्यात बसून लेकीकडून परत येते, तिथे याचं आश्चर्य वाटतं.

माहितीपटाबद्दल इथे थोडक्यात. सोपा म्हणून तो निवडू नये. आनंद पटवर्धन यांच्या 'जय भीम कॉम्रेड'चं काम चौदा वर्षं चाललं होतं. विद्यार्थ्याकडे एक सत्र असतं, म्हणून त्याने असा विषय घ्यावा जो त्या सत्रात घडून संपतो: एक यात्रा, एक निवडणूक, एक साखर हंगाम, कुणाचं तरी घर बदलणं. माणसं खुर्चीत बसवून प्रश्न विचारले की झाला माहितीपट, असं नसतं.

दोन प्रकार मिसळावेत का, हा प्रश्न प्रत्येक वर्गात निघतो आणि लगेच 'सैराट'चं नाव येतं. तिथे पहिल्या अर्ध्या भागात प्रेमपटाचे सगळे लाड पुरवले आहेत. गाणी, विहीर, इशारे, हूड मित्र, काहीही कमी नाही. ते पुरेपूर असल्यामुळेच पुढचं अंगावर येतं. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये कोर्टपटातली टाळ्यांची जागा दर वेळी जाणून रिकामी सोडली आहे, आणि ती रिकामी आहे हे कळायला आधी ती जागा माहीत असावी लागते. पहिल्याच फिल्ममध्ये हे साधणारं मूल निघणार नाही असं मी म्हणत नाही. पण ज्याला थोडं हॉरर, थोडं सोशल करायचं असतं ते मूल सहसा मिसळत नसतं, दोन्हींपासून पळत असतं.

राहता राहिला गटातला वाद. एकाला रहस्य हवं, दुसरीला प्रेमकथा, तिसऱ्याला फक्त ड्रोन उडवायचा आहे. हात वर करून मतदान घेतलं की ज्याचा कॅमेरा त्याचा प्रकार असा निकाल लागतो. त्याऐवजी प्रत्येकाने आपल्याला फुकट काय मिळू शकतं ते कागदावर लिहावं. आत्याचं लग्नसराई संपल्यावर रिकामं असणारं मंगल कार्यालय, पहाटे तीनला भट्टी लावणारा ओळखीचा बेकरीवाला, ढोल-ताशा पथकातले मित्र, दिवसभर गप्पा मारू शकणारी आजी, शेतातली बंद पडलेली मोटार. जागा, माणसं, आवाज. कागद एकत्र वाचले की निम्म्या प्रकारांवर आपोआप काट बसते आणि भांडणही निवळतं.

पुढची प्रकरणं क्रमाने वाचायची गरज नाही. यादीतून जो प्रकार उरेल तिथून सुरुवात करावी आणि लगेच दुसरं कुठलंही एक प्रकरण वाचावं, आपण काय सोडतो आहोत ते कळायला. माहितीपटाचं प्रकरण जरा लांबलं आहे, कारण परवानग्यांचं सगळं त्यातच घेतलं. गोष्ट काल्पनिक असली तरी रेल्वेच्या फलाटावर, एसटी स्थानकात किंवा पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या किल्ल्यावर कॅमेरा काढण्याआधी ती पानं वाचलेली बरी.